नदीचं विरजण

नाकाला रुमाल लावलेला माणूस आमच्या काकाजींना बिलकूल खपत नसे. मग तो कोणी का असेना. एकदा नागपूरहून, सदर भागातल्या ऑफिसातून, एक मोठे इंजिनिअर साहेब पाहणीला आले. जीपमधून उतरले ते रुमाल लावूनच. काकाजी पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, रुमाल काढा. लाजू नका, आपलंच आहे."

साहेब गोंधळले. "आपलंच म्हणजे?"

"म्हंजे तुमी-आमी काल जे खाल्लं तेच आज इथं आलं. परकं कोणी नाही. घरच्या माणसाले पाहून कोणी नाक दाबते का?"

साहेबांनी रुमाल खिशात टाकला. मी मागे उभी होते, हसू दाबता दाबता माझा जीव गेला. तेवढ्यावर भागलं असतं तर ते काकाजी कसले! फिल्टरच्या पायऱ्यांपाशी त्यांनी साहेबांना बूट काढायला लावले. का, तर खळ्यावर कोणी पायताण घालून चढत नाही. साहेब मोज्यांवर वर चढले आणि मोजे भिजवून परत गेले. जाताना शेऱ्याच्या वहीत मात्र 'उत्तम' लिहून गेले, हे सांगितलं पाहिजे.

काकाजी म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्राचे ऑपरेटर. गाव नागपूरपासून एस.टी.नं तासाभराचं. लोक त्या जागेला 'गटार' म्हणत, आम्ही नोकरीवाले 'प्लांट' म्हणत असू, आणि काकाजी 'वावर', म्हणजे शेत, म्हणत. मूळचे ते कुहीकडचे शेतकरी, धाकटे भाऊ. जमीन थोरल्याकडे राहिली आणि हे नोकरीला लागले. पण जातिवंत शेतकरी माणूस कुठेही बसवा, तो तिथे शेतीच करणार. पांढरं धोतर, कडक टोपी, पायात काही नाही. दिवसातून तीनदा आंघोळ. गटाराच्या काठावर बारा वर्षं काढलेल्या त्या माणसाच्या धोतरावर मी कधी एक डाग पाहिला नाही, आणि मी रोज धुतलेली साडी नेसून जायची तरी संध्याकाळी काठावर चिखल असायचाच.

प्लांट काही फार मोठा नव्हता. गावाचं सांडपाणी एका नालीतून यायचं, जाळीतून गाळून टाकीत थांबायचं. जड गाळ खाली बसला की वरचं पाणी फिल्टरवर जायचं. फिल्टर म्हणजे गोल भिंतीच्या आत पुरुषभर उंच रचलेले दगड. त्यांच्यावर लोखंडी नळ्यांचे चार हात हळूहळू फिरत आणि पाणी शिंपडत. दगडांवर बुळबुळीत साय धरलेली असायची. खरं काम ती करायची. त्या सायीत डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी जीव राहत आणि पाण्यातली घाण हेच त्यांचं जेवण. वरून काळं पाणी पडायचं, दगडा-दगडातून उतरायचं, आणि खालून निवळ होऊन नदीत जायचं.

काकाजी त्या जिवांना 'सालदार' म्हणत. आमच्याकडे शेतावर वर्षभराच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याला सालदार म्हणतात. "माह्याएवढे सालदार कोणत्याच मालगुजाराजवळ नव्हते," असं ते छाती काढून सांगत. "पगार मागत नाही, सणाले घरी जात नाही. फक्त उपाशी ठेवाचं नाही, अन् जहर द्याचं नाही."

आणि नदी? नदीचं असं होतं की संक्रांत झाली की गावाच्या वरची नदी आटायची. फाल्गुनापासून पाऊस लागेपर्यंत गावाच्या खाली जी नदी वाहायची ती आमच्या प्लांटच्या पाणी सोडायच्या गेटातून निघालेलं पाणी. दुसरं पाणीच नव्हतं तिच्यात. मैलभर खाली रेतीत ढिवर, म्हणजे मासेमार लोकांच्या डांगरवाड्या, टरबूज-खरबुजाच्या वाड्या होत्या. त्यांच्या पलीकडे आमच्या बौद्ध लोकांची पन्नासेक घरांची वस्ती, आणि वस्तीची विहीर अगदी काठाला. नदी वाहती असली तरच त्या विहिरीला पाणी. "लोकायची नदी पहाडातून निघते," काकाजी म्हणायचे, "आपली आपल्या गेटातून निघते. म्हणून गेट सांभाळून उघडाचं."

हे सगळं ऐकून मला पहिले सहा महिने काडीचा अभिमान वाटला नाही, उलट लाजच वाटायची. मी बी.एस्सी. झालेली, उत्तर नागपुरातल्या आमच्या गल्लीतली पहिली पदवीवाली पोरगी. केमिस्टची जागा निघाली म्हणून अर्ज केला आणि हुकूम आला तो या प्लांटचा. बाबांनी तो कागद दोनदा वाचला. माझ्या बाबांनी लहानपणी आजोबांबरोबर गावची मेलेली ढोरं ओढली होती. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून आमच्या घरानं ते काम सोडलं. उपाशी राहिले, नागपूरला येऊन गिरणीत लागले, पण पुन्हा त्या कामाला हात लावला नाही. असा माणूस. ते म्हणाले, "घाणीतून निंगाले आमाले दोन पिढ्या लागल्या, अन् तू बी.एस्सी. करून तिथंच चालली?"

नोकरीची गरज होती म्हणून त्यांनी जाऊ दिलं, पण बोलणं जवळजवळ बंद केलं. आणि स्वस्थ बसले नाहीत. सदरमधल्या एका शाळेत ओळख काढून विज्ञानाच्या बाईची जागा माझ्यासाठी बोलून ठेवली. जूनमध्ये शाळा उघडली की हजर व्हायचं. "पहिले मी तुह्या त्या गटारावर येऊन पाहतो," असं त्यांनी कळवलं. पाहायचं कसलं? राजीनामा लिहून घ्यायलाच येणार होते, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगते, आधी मलाही ते हवंच होतं.

मग मला जाऊ नये असं कधी वाटायला लागलं? त्याला कारण काकाजीच.

त्यांचं नाक! रोज सकाळी ते येणाऱ्या नालीवर उकिडवे बसत, ओंजळभर पाणी हलवून वास घेत आणि गावाची खबर सांगत. "तेल्याच्या आळीत लगन हाय. बुंदीचं तूप आलं." "आज सोमवार, बायायनं डोकी धुतली." होळीनंतर दोन दिवस पाणी गुलाबी यायचं तेव्हा त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ते फिल्टरवर बसून राहत आणि दर तासाला दगड उचलून पाहत. गावातल्या रंगाऱ्याशी तर त्यांचं उभं वैर. त्यानं रंगाची भट्टी नालीत ओतली की काकाजी काठी घेऊन त्याच्या दारात. "तू कपडे रंगव ना गा, नदी काहून रंगवून राहिला?" लग्नाकार्यात मात्र बोलावणं असो-नसो, अहेराला नारळ घेऊन हजर. एकदा कोणी तरी विचारलं, काकाजी, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "बाप्पा, गावातल्या हरेक पंगतीत सगळ्यात शेवटी मीच तर बसतो."

म्हणून वासाला वास राहू द्यायचा, हा त्यांचा कायदा. प्लांटमध्ये अगरबत्ती नाही, फिनाईल नाही, कानात अत्तराचा फाया नाही. मी पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत अगरबत्ती लावली तर त्यांनी ती चिमटीनं विझवली. "बाई, वैद्याच्या बोटाले मेंदी लावली तर नाडी कशी लागन?" मी तोंड वाकडं केलं. तेव्हा मला वाटलं, काय हा म्हातारा!

सूक्ष्मदर्शकाचा दिवस मी विसरणार नाही. बारा वर्षं त्या जिवांना पोसलं, पण त्यांना कधी पाहिलं नव्हतं काकाजींनी. मी सायीचा थेंब काचेवर घेतला आणि म्हटलं, या, पाहा तुमचे सालदार. त्यांनी एक डोळा मिटून खाली पाहिलं. मग टोपी काढली. "अवं माय... हे तर खरंच काम करून राहिले!" एक गोल तोंडाचा जीव चक्रासारखे केस फिरवत घाण आत ओढत होता. काकाजी म्हणाले, "हा पाहा, हा जेवाले बसला का उठतच नाही. माह्या भावासारखा." दुसरा एक नुसताच इकडून तिकडे पळत होता. "अन् हा मुकादम." त्या दिवसापासून दुपारचा डबा झाला की ते पाच मिनिटं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. हजेरी घेतो म्हणत.

भावाचं नाव निघालं म्हणून सांगते. कुहीला थोरल्या भावाच्या घरी काकाजींचा तांब्या वेगळा ठेवलेला होता. सख्खे भाऊ, एका आईचे, पण 'हा गटारात काम करते' म्हणून. काकाजींनी मला हे हसत हसत सांगितलं. "मले काही वाटत नाही बाई. तांब्या चांगला घासलेला असते." मी हसले नाही. वेगळ्या तांब्याची गोष्ट आमच्या घरात कोणाला सांगावी लागत नाही. कुणब्याच्या घरच्या माणसाला ती सोसावी लागते हे मात्र मला नवीन होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर डबा खायला बसू लागले.

आता माझ्या पराक्रमाचं सांगते. लपवण्यात अर्थ नाही.

अक्षय तृतीया झाली आणि बाबांचं पत्र आलं, गुरुवारी येतो. नेमके काकाजी पुतण्याच्या लग्नाला कुहीला गेलेले. वैशाखाचं ऊन, आणि उन्हाळ्यात प्लांटचा वास जरा चढतोच. बुधवारी मी आवारात फिरले आणि प्रत्येक कोपरा बाबांच्या नाकानं हुंगला. एवढ्या वासात बाबा दोन मिनिटं थांबणार नाहीत. मी इथं काय करते हे त्यांना दाखवायचं होतं मला. सूक्ष्मदर्शक दाखवायचा होता, खालून निघणारं निवळ पाणी दाखवायचं होतं. पण फाटकातच नाक दाबून ते म्हणतील, चल, कागद लिही.

कोठीघरात ब्लीचिंग पावडरची पोती होती. पटकीची साथ आली की विहिरीत टाकायची म्हणून ठेवलेली. मी दोन पोती ओढत नेली आणि फिल्टरला जाणाऱ्या पाण्यात रिकामी केली. बी.एस्सी. झालेली मी! रसायनशास्त्र हा माझा विषय! ब्लीचिंगनं जंतू मरतात हे तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण लाज डोक्यात शिरली की शिकलेलं सगळं उडून जातं. मी स्वतःला सांगितलं, वरवरचा वास जाईल, आतल्यांना काही होणार नाही.

गुरुवारी बाबा आले. वास गेलेला होता. ते चहूकडे फिरले, म्हणाले, "दवाखान्यासारखं वाटते." मला गगन ठेंगणं झालं. शाळेचं त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, म्हणाले, महिनाभरानं येतो, मग ठरवू. मी त्यांना एस.टी.त बसवून नाचत परत आले. बाबांच्या नादात सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवायचंही मी विसरले होते.

शुक्रवारी सकाळी काकाजी आले. फाटकातच थबकले. धावत फिल्टरवर चढले, एक दगड उचलला. साय पांढरी पडून हातात सालपटासारखी सुटून आली. दुसरा दगड उचलला, तसाच. दहावा उचलला. मग खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"मेले," ते म्हणाले. "सारे मेले. एक नाही उरला."

आणि काठी घेऊन फाटकाकडे निघाले. "त्या रंगाऱ्याले आज मी सोडत नाही. काही तरी जहर सोडलं त्यानं. मी गावात नाही हे पाहून सोडलं."

मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? रंगाऱ्यावर साऱ्या गावाचा राग होताच. तो कितीही ओरडला असता तरी कोणी ऐकलं नसतं. काकाजी फाटकाबाहेर पडले, रस्त्याला लागले. तेवढा वेळ मी उभी राहिले, हे मी आजही विसरू शकत नाही. मग धावले.

"काकाजी, रंगारी नाही. मी टाकलं. ब्लीचिंग. दोन पोते."

ते वळले. "तू?" आजवर मला ते 'बाई, तुमी' म्हणत. "काहून वं पोरी?"

"बाबा येणार होते. त्यांना वास येऊ नये म्हणून."

काकाजी रस्त्याच्या कडेला धुळीत बसले. पांढऱ्या धोतरासकट. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मानूस बापापाशी लाजते, हे समजते मले. पण ते बिचारे कोणापाशी लाजले नाही वं. त्यायले काहून मारलं?"

तोवर मुख्य अधिकाऱ्यांकडे बातमी गेली होती. आमच्या पालिकेचे ते बडे साहेब स्वतः आले. त्यांना काही विशेष वाटलंच नाही. "मग त्यात काय? गेट उघडा, कच्चं पाणी सोडा नदीत. पाऊस आला की धुऊन जाईल. तसंही खाली कोण राहतं?"

काकाजी उठले. धोतर झटकलं. "खाली मानसं राहतात, साहेब. अन् आपल्या वरही एक गाव हाय, हे ध्यानात ठेवा. त्यायनं असाच इचार केला तर तुमी काय प्यान?"

"मग पाणी कुठे टाकणार? डोक्यावर?"

"वावरात."

प्लांटच्या शेजारी एका शेतकऱ्याचं वावर होतं, उन्हाळ्याचं रिकामं पडलेलं. वासावरून त्या माणसाचं आणि काकाजींचं रोजचं भांडण. काकाजी त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "खताचं पानी देतो तुले, फुकट. औंदा पऱ्हाटी पाहजो कशी येते. पण एक कबूल कर. तुह्या विहिरीचे चार ड्रम रोज बैलबंडीवर घालून खालच्या वस्तीत पोचवाचे." शेतकऱ्यानं डोकं खाजवलं. वस्तीत पाणी पोचवायचं म्हणजे चार लोक नावं ठेवणार. पण कापसाला खताचं पाणी, तेही फुकट! त्यानं मान हलवली. त्याच दुपारी सांडपाणी त्याच्या वावरात वळवलं. पाणी नदीत गेलं नाही, एक थेंब नाही. पण त्यामुळे नदीच बंद झाली.

"चाल," काकाजी मला म्हणाले. "वस्तीत जाऊन सांगून येऊ."

"मी?"

"नदी तू बंद केली. मी काहून सांगू?"

त्या मैलभर रेतीतून चालताना मला वाटत होतं, धरती दुभंगावी. वस्तीत बाया विहिरीवर जमल्याच होत्या. पाणी खाली चाललं होतं. एक म्हातारी पुढे आली. मी जे झालं ते सांगितलं, बाबा येणार म्हणून ब्लीचिंग टाकलं, जीव मेले, नदी वीस-एकवीस दिवस येणार नाही. म्हातारीनं विचारलं, "कोनाची वं तू?" मी बाबांचं नाव-गाव सांगितलं. ती जवळ आली, माझं तोंड निरखून पाहिलं. "म्हंजे आपलीच पोरगी! अन् आपल्यालेच तहानेनं मारून राहिली?"

मी रडायला लागले. म्हातारी म्हणाली, "रडू नोको. पहिल्यांदा कोनी इथं येऊन सांगतलं तरी. नाही तं आतालोक पानी काळं आलं का आमी समजाचं का वर काही झालं. पन नदी आनून दे."

आता नदी आणायची कशी? मी पुस्तकं काढली. पुस्तकात लिहिलं होतं, दुसऱ्या चालत्या प्लांटमधून साय आणा. ती आणायची कुठून? काकाजी पुस्तकाकडे पाहून म्हणाले, "दही नासलं तर बायका काय करतात? शेजारणीजवळून विरजण आणतात. मंग?"

आणि आमची विरजणाची फेरी निघाली. बंडी, त्यात रिकामे ड्रम, पुढे काकाजी, मागे केमिस्ट. दारोदार शेण मागत. ताजं, आजचं. त्यातही असे जीव असतात, आणि काकाजींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. पुरुष हसले. "काकाजी, आता शेणही गटारात टाकता का गा?" पण विरजण म्हटल्यावर बायांना लगेच कळलं. एकीनं टोपलंभर दिलं, मग आळीनं दिलं. सगळ्यात कमाल म्हणजे चौथ्या दिवशी रंगाऱ्यानं स्वतःच्या म्हशीचं शेण आणून दिलं. कोणी तरी त्याला सांगितलं होतं की त्याच्यावर येणारं बालंट मी खरं सांगून टाळलं.

पण खरं विरजण आलं ते वस्तीतून. गेटाच्या खाली नदीत एक डोह होता. नदी थांबली तरी त्यात गुडघाभर पाणी उरलं होतं आणि तळाच्या गोट्यांवर जुनी साय जिवंत होती; ब्लीचिंगचा जोर वरच्या दगडांतच सरला होता. काकाजींनी ती शोधून काढली. वस्तीतल्या बायांनी ते बुळबुळीत गोटे ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्यांनी वर आणले. मी कासोटा घालून फिल्टरवर चढले आणि त्यांच्या हातून घेऊन एकेक गोटा दगडांत बसवला. कोपरापर्यंत शेण, केसांत शेण. वरून शेणकाल्याचं पाणी फिरवत ठेवलं, थोडं थोडं सांडपाणी जेवायला दिलं. काकाजी म्हणाले, "बाळंतिणीले जसं पथ्य, तसं. एकदम पोटभर नाही द्याचं." आणि रोज मी काचेवर थेंब घेऊन पाहायची. काही नाही. पुन्हा काही नाही. नवव्या दिवशी एक दिसला. गोल तोंडाचा, केस फिरवणारा.

मी किंचाळले. काकाजी आंघोळीतून ओल्या अंगानं धावत आले, डोळा लावला. "आला," त्यांचा आवाज फुटला. "जेवाले बसला लेकाचा!"

त्यानंतर साय भराभर धरली. विसाव्या दिवशी खालून निघालेलं पाणी मी बाटलीत धरलं, सगळ्या चाचण्या केल्या, दोनदा केल्या. काकाजींनी वास घेतला. मग मला म्हणाले, "गेट तू उघड."

मी चाक फिरवलं. पाणी कोरड्या रेतीत उतरलं, आधी जिरत राहिलं, मग जिभेसारखं पुढे सरकू लागलं. काकाजी त्याच्यापुढे उलटे चालत होते, अनवाणी, तापल्या रेतीत, आणि वासराला बोलवावं तसं नदीला बोलवत होते, "ये, ये, ये माय, ये." बाया बाजूनं चालत होत्या. कोणी हसत नव्हतं. दोन दिवसांनी पाणी डांगरवाड्यांपर्यंत पोचलं आणि विहिरीत ओल आली. काही वेल वाळले होते, ते गेलेच. त्याची भरपाई नाही.

पुढच्या रविवारी बाबा आले. खिशात शाळेचं पत्र होतं. त्या दिवशी प्लांटला त्याचा नेहमीचा, पुरा, जिवंत वास होता. माझ्या नखांत काळं होतं. मी ठरवलं होतं, काही झाकायचं नाही. बाबांनी नाकाला उपरण्याचं टोक लावलं. मला वाटलं, आता काकाजी बोलणार. पण ते फक्त म्हणाले, "दादा, पानी कोठी जाते ते पाहाले चालता का?"

आम्ही तिघं नदीकाठानं खाली गेलो. वस्तीच्या विहिरीवर ती म्हातारी होतीच. बाबांना पाणी दिलं. बोलता बोलता म्हणाली, "तुह्या पोरीनं आमची नदी मारली व्हती गा. बाप येते म्हनून दवा टाकली म्हने." आणि बाबांचा चेहरा उतरलेला पाहून पुढे म्हणाली, "अन् तिनंच जित्ती केली. शेनात हात घालून."

बाबा माझ्याकडे वळले. "माह्यासाठी?"

मी मान हलवली.

बाबा विहिरीच्या कठड्यावर बसले. वर गावाकडे पाहिलं, मग प्लांटकडे, मग वस्तीकडे. काकाजींना म्हणाले, "आमच्या गावाले आमची वस्ती अशीच होती. नदीच्या खालच्या अंगाले. वरचं गाव आंघोळ करे, ढोरं धुवे, सारं करे, अन् ते खाली येये. माही माय ते चार पदरी फडक्यातून गाळे अन् आमाले पाजे. माहे दोन भाऊ त्या पान्यानं गेले."

काकाजी त्यांच्या शेजारी कठड्यावर टेकले.

"मी म्हणत होतो, पोरगी घाणीत गेली," बाबा म्हणाले. "घाणीत कुठी गेली ते? ते तर मधात उभी हाय. वरच्या गावाच्या अन् आपल्या लोकायच्या मधात. तवा अशी एखादी पोरगी मधात उभी असती तं माहे भाऊ वाचले असते."

काकाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "एकटी नाही ठेवली तिले, दादा. मी हाओ ना बाजूले."

बाबांनी खिशातून शाळेचं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "शाळेवाल्यायले लिहून दे, दुसरी बाई पाहा म्हणा."

पुढे काकाजी सात वर्षं माझ्या बाजूला उभे होते. मी त्यांच्यानंतर अठरा वर्षं उभी होते, आणि त्या सगळ्या वर्षांत एकदाही नदी काळी खाली गेली नाही.